हात राहिलेली बुढी

आमचे भाऊजी कोणाकडे एकटक पाहू लागले की त्या माणसाच्या घरचे धास्तावत. लग्नाची पंगत असो, बसस्टँड असो, की सरकी काढायच्या जिनासमोर लागलेली कापसाच्या गाड्यांची रांग. एखादा म्हातारा नजरेत भरला की भाऊजी मान डावीकडे कलती करत, एक डोळा मिटत आणि पाहतच राहत. मलकापुरात माणूस गेला की त्याचा तेरवीचा फोटो तेच रंगवत, त्यामुळे या पाहण्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. एका लग्नात आमच्या समोरच्या पानावरचा मुलगा बापाला म्हणाला, "उठ बाबा, पेंटर पाहून राह्यला!" आणि त्याने बापाला अर्ध्या जिलबीवरून उठवलं. बाप पुढे पुष्कळ जगला. मुलगा त्याचं श्रेय त्या टाकलेल्या जिलबीला देत असे.

भाऊजी म्हणजे माझे दीर, ह्यांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन आले तेव्हा ते मागच्या अंगणातल्या टिनाच्या खोलीत राहत. तिथेच रंगवत, तिथेच झोपत. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि कमळं, शाळेच्या भिंती, हे पोटापुरतं. खरा जीव मेलेल्या माणसांत. लग्न त्यांनी केलं नाही. सासूबाई कपाळाला हात लावून सांगत, "पोरगी पाहायले नेलं, तं हा तिच्या आजीकडंच पाहून राह्यला. त्याहिनं चहाबी अर्धाच देला मंग."

मी मेहकरची. मेहकरला रेल्वे नाही आणि मलकापूरला आहे, एवढ्या भांडवलावर मला वाटत होतं की मी विलायतेत आले. शिवाय मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं. पास झाले नव्हते, पण घेतलं होतं. गाडीची शिट्टी ऐकू आली की मी खिडकीशी जाऊन उभी राहायची, जणू मुंबईहून कोणी माझीच चौकशी करत उतरणार आहे. अशा त्या नेलपॉलिश लावलेल्या शहाणीला भाऊजींनी पहिल्याच आठवड्यात खोलीच्या दारात बोलावलं आणि भिंतीकडे बोट दाखवलं.

"वयनी, तुम्ही इंग्लिशवाल्या. हे काय लिहेल हाये, वाचा बरं."

"वाचते."

"येते ना वाचता?"

"येतंय की वो," मी म्हणाले. घाबरले की माझं मेहकर बाहेर पडायचं.

भिंतीवर कॅलेंडरचा एक कागद होता. स्टेशनाजवळच्या चहाच्या हॉटेलात, भट्टीच्या बरोबर वर, तो कित्येक वर्षं लटकला होता. हॉटेलवाला तो फेकणार होता, भाऊजींनी मागून आणला. डोक्यावर पांढरं फडकं बांधलेली एक म्हातारी खुर्चीत बसलेली. डावीकडून उजेड येतो आणि तिच्या कपाळावर, गालाच्या हाडावर थांबतो. बाकी सगळा अंधार. आणि मांडीपासून खाली काहीच नाही. वर्ष संपल्यावर हॉटेलवाल्याने तारखांचा भाग फाडला होता, तो तिरपा फाटला आणि म्हातारीचे हात घेऊन गेला. मनगटं होती, पुढे भिंत.

कागदाच्या कडेला बारीक अक्षरात एका जुन्या डच चित्रकाराचं नाव होतं. मी ते ऐटीत, ठासून वाचलं. भाऊजींनी दोनचारदा म्हणून पाठ केलं आणि भिंतीला हात जोडले. मी केलेला उच्चार साफ चुकीचा होता, हे मला पुढे माझ्या नातीने सांगितलं. म्हणजे इतकी वर्षं तो बिचारा चित्रकार आमच्या घरी दुसऱ्याच कोणाच्या नावाने नमस्कार घेत होता. भाऊजी नाव तरी कुठे घ्यायचे फारसं. ते त्याला 'वस्ताद' म्हणत. आणि ती बाई, बुढी.

भाऊजी कुठल्या शाळेत रंग शिकले नाहीत. जे काही शिकले ते त्या बुढीकडून. मांजरपाटाला खळ लावून ते लाकडी चौकटीवर ताणत, सगळ्यात आधी तो पूर्ण काळा करून टाकत आणि मग त्या काळ्यातून एकेक माणूस वर काढत. मतदानाच्या ओळखपत्रावरचा नाहीतर कुठल्या लग्नाच्या गर्दीतला नखाएवढा चेहरा समोर घ्यायचा आणि त्याला बुढीच्या उजेडात बसवायचं. जवसाच्या तेलाचा वास अंगणभर सुटे. बाजूच्या जिनातून उडालेला कापूस ओल्या रंगावर येऊन बसे. तो चिमट्याने वेचून काढताना ते म्हणत, "बस, बस, तुहाबी फोटो काढतो."

लोकांना फोटो हवा असे, पण अंधार नको असे. नांदुऱ्याचे एक कापसाचे व्यापारी वडिलांचा फोटो न्यायला आले आणि दारातच भडकले.

"काऊन बे पेंटर, माह्या बापाले कोठीत कोंडलं का?"

"कपाळावर उजेड हाये ना?"

"कपाळावर हाये. बाकीचा बाप कुठी हाये?"

"बाकीचा बाप तं तू जन्मभर पाह्यला ना बे. तो मी काय दाखवू तुले?"

व्यापारी फोटो बगलेत मारून तरातरा निघून गेले. पुढे आई गेली तेव्हा मात्र तिचा फोटो घेऊन ते भाऊजींकडेच आले. "त्याच उजेडात काढ," एवढंच म्हणाले.

खोलीत एक चौकट मात्र कधीच कोणाची नव्हती. ती बुढीची. भाऊजींनी हुबेहूब बुढी रंगवली होती, कागदापेक्षा मोठी. चेहरा असा, की दुपारच्या वेळी खोलीत गेलं तर आपण कोणाची तरी झोपमोड केली असं वाटावं. पण मांडीवर नुसता काळा रंग. दरवर्षी दिवाळीची झाडझूड झाली की भाऊजी ती चौकट भिंतीवरून उतरवत, पुसत आणि समोर उकिडवे बसून त्या काळ्या जागेकडे बघत.

"जपमाळ दे तिच्या हाती," सासूबाई सुचवत.

"नाहीतर पानाचा बटवा दे," हे म्हणत.

भाऊजींची मान हले. "वस्तादच्या चित्रात माहा हात कसा घालू? त्यानं काय देलं तिच्या हाती, मले का माहीत?"

मेलेल्या माणसाचा नखाएवढा चेहरा पाहून त्याचे कान, भुवया, हनुवटी मनाने काढणारा हा माणूस. पण बुढीच्या हाताला मनचं बोटही चालत नव्हतं. तीच एक गोष्ट त्यांना जन्मात पुरी करायची होती आणि तीच ते करत नव्हते.

इथे मी मध्ये पडले. म्हणाले, "भाऊजी, नुसते पाहायला तरी माझे हात घ्या." मनात असं की चित्र एक दिवस कुठल्या तरी मोठ्या शहरात लागेल आणि लोक विचारतील, हे हात कोणाचे? मी नखं नव्याने रंगवली, सासूबाईंच्या पेटीतल्या पाटल्या मागून घातल्या आणि स्टुलावर राणीसारखी बसले. आळीत सगळ्यांना सांगून ठेवलं की दुपारी मला वेळ नसतो, माझं चित्र चाललंय. भाऊजी कोळशाने चार रेषा मारत आणि फडक्याने पुसत. पुन्हा मारत, पुन्हा पुसत. शेवटी कोळसा ठेवून म्हणाले,

"वयनी, रागावू नका. तुमच्या हाताले अजून काई झालंच नाई."

मी रागावले. किती दिवस त्यांचा चहा मी स्वतः नेला नाही, सासूबाईंच्या हाती पाठवला. काही झालंच नाही म्हणजे? कणीक मळते, धुणं धुते, झालंच तर इंग्रजी घेतलंय. आरशासमोर उभी राहून मी माझे हात पाहायची आणि ते मला फार सुंदर दिसायचे. त्यात दोष आहे तो हाच, हे कळायला त्या बाईच्या डोक्यात जागा नव्हती. ती नेलपॉलिशने भरलेली होती.

सासूबाई गेल्या. त्यांचा फोटो भाऊजींनी एका बैठकीत केला. आईच्या चेहऱ्यात बुढी आधीपासूनच होती म्हणाले. मग हे गेले, अचानक, बाजारातून येताना रस्त्यातच. तेरवीला फोटो तयार नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. पाहुणे जमले, पानं मांडली आणि मी डोक्यावर पदर घेऊन अंगण ओलांडून मागच्या खोलीत गेले. भाऊजी चौकटीसमोर बसले होते. पूर्ण काळी चौकट. खांद्यांची रेघसुद्धा नाही.

"भाऊजी, लोक थांबलेत."

"उजेड कुठून आणू, वयनी?" ते म्हणाले. "घरातले दिवे, सारे लावून पाह्यले."

तेरवीला आम्ही ह्यांच्या ओळखपत्रावरचा फोटो पाटावर ठेवला. रंगवलेला फोटो वर्षश्राद्धाला आला. तो अजून माजघरात आहे. त्यात हे थोडे चिडलेले दिसतात, भाजीत मीठ कमी पडल्यासारखे. भाऊजींना सांगितलं तर म्हणाले, "मंग? मीठ तं कमीच असे तुमचं."

पुढे गावात फ्लेक्स आला. सकाळी माणूस गेला की दुपारी चौकात त्याचा फलक. मागे निळं आकाश, पांढरे ढग, कोपऱ्यात गुलाब आणि मेलेल्याच्या गालावर अशी लाली की जितेपणी कधी नव्हती. सगळ्यांना एकच आकाश. भाऊजी बाजारातून आले की म्हणत, "आता सारे मेले का इमानातच बसतात, वयनी. बरं हाये. हवा लागत असंन." हसायचे, पण खोलीतल्या चौकटींवर धूळ बसू लागली. ट्रकवाल्यांनीही मोर सोडून स्टिकर धरले. जवसाचं तेल बाटलीत घट्ट झालं. शेवटचा फोटो त्यांनी कोणाचा केला ते आता मला आठवत नाही. त्यांनाही आठवत नव्हता. शेवटचा आहे हे माहीत असतं तर दोघांनी नीट पाहिलं असतं.

त्यात डोळे गेले. काचबिंदू. आधी कडा गेल्या. बाजूने कोणी आलं तर दिसेना, ताटातली चटणी सापडेना. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती राखायची. मी रोज थेंब घालायची आणि ते मान वर करून सांगायचे, "वयनी, आता मले सारं जग वस्तादच्या चित्रासारखं दिसते. मधात उजेड अन भोवताल अंधार. तुमचं नाक दिसते, कान दिसत नाई." मग हळूहळू नाकही गेलं. मी म्हणायची, बरं झालं, नाकावर भाऊजींनी फार टीका केली होती. कोणी हसायचं नाही. घरात उरलोच होतो दोघं.

माझी नात नागपूरला शिकते. सुटीत आली की तिच्या हातात फोन आणि फोनमध्ये सगळं जग. एका दुपारी तिने भाऊजींच्या खोलीत त्या धुरकट कागदाचा फोटो काढला आणि काय काय दाबलं. "आजी, सापडली!" म्हणून ओरडली. बुढी. तिकडे कुठल्या तरी संग्रहालयात होती. अख्खी. मी चष्मा पुसून फोन हातात घेतला. भाऊजी खाटेवर उठून बसले.

"काय दिसते, वयनी? सारं सांगा. वरून सुरू करा."

"डोक्यावर फडकं, तेच. चेहरा तोच. भाऊजी, पण मागे भिंत आहे हो."

"भिंत?"

"चांगली स्वच्छ भिंत. तिच्यावर खिळासुद्धा आहे."

भाऊजींनी कागदाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "मंग तो अंधार?"

मी कागदाकडे पाहिलं. त्याचा कोपरा मी पदराने जरा चोळला. पदर काळा झाला.

"हॉटेलाचा," मी म्हणाले. "भट्टीचा धूर आहे, भाऊजी."

मला वाटलं, हा माणूस आता मोडला. पण ते खांदे हलवून हसू लागले, खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजे साऱ्या मलकापूरचे मुर्दे मी चहाच्या धुरात बसवले का? माहा भाऊबी?" हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. ते त्यांनी पुसलं नाही.

नात माझ्या खांद्यावरून फोनवरचं वाचत होती. तिचा आवाज बारीक झाला. "आजी, आणखी एक आहे. हे चित्र त्या मोठ्या चित्रकाराचं नाहीच आहे. आधी तसं समजायचे. आता लिहिलंय, त्याची नक्कल करणाऱ्या कोणाचं तरी."

हे सांगू नको, असं मी तिला खुणेने म्हणत होते. पण भाऊजींचे कान शाबूत होते.

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही, आजोबा. माहीत नाही कोणालाच. नुसतं 'नक्कल करणारा' लिहिलंय."

भाऊजींचे ओठ हलत होते. "नक्कलवाला," ते स्वतःशीच म्हणाले. "नाव नाई. म्हंजे आपल्यातलाच कोणी. अन मी इतके वर्सं त्याले भीत राह्यलो, वयनी. वस्ताद म्हून."

"हातात काय आहे सांगू?" मी विचारलं. ते तर दिसतच होतं, फोनच्या काचेवर, माझ्या अंगठ्याखाली.

"नका सांगू." त्यांनी हात वर केला. "त्यानं त्याच्या मनाचं देलं असंन. मी माह्या मनाचं देतो. बुढीले खाली उतरवा."

नातीने आणि मी चौकट उतरवून खाटेला टेकवली. बाटलीतलं तेल गरम पाण्यात धरून पातळ केलं. भाऊजींनी सांगितले ते रंग मी बशीत काढले, कोणता कुठे तेही त्यांच्या बोटाला दाखवलं. मग ते म्हणाले, "वयनी, आता हात द्या इकडं."

आमच्यात दिराने वहिनीचा हात धरायची रीत नाही, आणि उभ्या जन्मात त्यांनी धरला नव्हता. आधी त्यांनी नमस्कार केला. मग डाव्या हाताने माझे दोन्ही हात चाचपू लागले. बोटांची पेरं, फुगलेल्या शिरा, तव्याचा जुना डाग, वाकडी झालेली करंगळी, रुतलेल्या अंगठीची खाच. चित्र काढताना माणसाकडे पाहत तसं पाहत होते, मान डावीकडे कलती करून. फक्त यावेळी डोळा मिटायची गरज नव्हती.

"आता झालं," ते म्हणाले. "बरंच काई झालं."

नेलपॉलिशवाली बाई असती तर पुन्हा रुसली असती. मी नुसती बसून राहिले. हात आता तयार होते, परवानगीही आली होती आणि डोळे गेले होते. त्यांचा डावा हात माझ्या हातांवर, उजव्या हातात कुंचला. ते माझं एक बोट चाचपत आणि कापडावर एक फटकारा मारत. चाचपत आणि मारत. ऊन उंबऱ्यावरून सरकून खाटेच्या पायापाशी गेलं तरी चाललं होतं. मधूनच म्हणत, "हलू नका." नात दाराशी उभी होती. तिचं तोंड पाहून मी तिच्याकडे बघायचं बंद केलं.

शेवटी त्यांनी कुंचला ठेवला. "कसं झालं?"

बुढीच्या मांडीवर पिवळट पांढऱ्या रंगाचे दोन गोळे होते. सरकी काढलेल्या कापसाचे बोळे असावेत तसे. एक गोळा मांडीवरून खाली ओघळलाही होता. बोटं म्हणावं असं एकही नव्हतं.

"लई भारी झालंय की वो, भाऊजी."

ते हसले. "वयनी, तुम्ही खोटं बोलता तवा तुमची बोली मेहकरची होते."

मग हात पुसत म्हणाले, "राहू द्या तसंच. कोणाले सुधरवू देऊ नका." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

तिच्या हातात खरं काय होतं ते मी पाहिलं आहे. भाऊजींना सांगितलं नाही, तेव्हा तुम्हालाही सांगणार नाही. नातीलाही दटावलं आहे.

त्या थंडीत छातीत कफ भरला आणि भाऊजी गेले. माझा मुलगा पुण्याहून आला, सगळं रीतसर केलं. मलकापुरात आता तेरवीचा फोटो रंगवणारा कोणी नाही. तेरवीच्या सकाळी दाराशी फ्लेक्स लागला. मागे निळं आकाश, पांढरे ढग, कोपऱ्यात गुलाब. भाऊजींच्या गालावर लाली. मी बाहेर येऊन पाहिलं आणि मला हसू आवरेना. बसले एकदाचे विमानात. पदर तोंडावर धरून मी हसत होते आणि बाया पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, रडू द्या, रडू द्या, मोकळं व्हा. नंतर त्यांचं म्हणणं खरं झालं.

टिनाची खोली आता रिकामी आहे. बुढी मी समोरच्या खोलीत लावली आहे. आलेगेले विचारतात, हिच्या मांडीवर हे काय सांडलंय? नात म्हणते, आजी, नागपूरला एक जण आहे, चित्रं दुरुस्त करणारा, त्याला दाखवू या. मी नाही म्हणते. दुपारची कामं उरकली की तिच्यासमोर खुर्ची टाकून बसते. डावीकडून खिडकीचा उजेड येतो. माझे हात मांडीवर असतात आणि त्यांना काही काम नसतं.

मुलाला सांगून ठेवलंय, मी गेले की मला आकाशात पाठवू नका. फोटो नको, फ्लेक्स नको. पाटावर ही बुढी ठेवा. चेहरा दुसऱ्या कोणाचा आहे, पण हात माझे आहेत. ओळखू येत नाहीत, एवढंच.